बाळंतिणीच्या खोलीतली हवा

तुमची आई परवा फोनवर म्हणाली, तुमच्या घरात भिंतीला एक यंत्र लावलंय. खोलीतली हवा बिघडली की त्यावर लाल दिवा लागतो. तिने लसणाची फोडणी केली आणि तो दिवा तासभर लाल राहिला, तेव्हा तुम्ही दोघांनी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. बरोबर केलंत. पण त्यावर तुम्ही तिला असंही म्हणालात की तिकडे, म्हणजे आमच्याकडे, असल्या गोष्टींचा कधी कुणी विचारच केला नाही. हे मला दुरुस्त करायला हवं. विचार केला होता. मी चुकीचा केला होता, पण केला होता. आणि ज्या बाळापायी तो केला ते बाळ म्हणजे तुमची आई. ती त्यातून वाचली हे उघड आहे, नाहीतर फोडणी कुणी केली असती? पण ते त्या वेळी उघड नव्हतं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची ती दुसरी पाच वर्षं. पिंपरीला तेव्हा स्टेशन होतं, बाजाराची एक गल्ली होती, सिंधमधून आलेल्या लोकांचा कॅम्प होता आणि उरलेली ज्वारी होती. त्या ज्वारीत औषधाचा एक कारखाना उभा राहिला होता. मी तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होते. तुमचे आजोबाही तिथेच होते. कारखान्यामागे कामगारांच्या क्वार्टर्सच्या ओळी होत्या, त्यातल्या एकीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या.

माझं काम समजावून सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

औषध जिथे कुप्यांमध्ये भरत, त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलायचंही नसे. तिथली हवा आपोआप आलेली नव्हती. ती पंख्यांनी ओढून, कापसाच्या जाड थरांतून गाळून आत ढकललेली असे. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवत. त्यामुळे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाई, बाहेरची आत येत नसे. हे पंखे आणि गाळण्या सांभाळायचं काम तुमच्या आजोबांच्या विभागाकडे होतं, आणि त्यांनी पाठवलेली हवा स्वच्छ आहे का हे पाहायचं काम माझ्याकडे. आमचं लग्न यातूनच जमलं असं लोक म्हणत. ते खरं नाही. ते माझ्या मामांनी जमवलं.

हवा तपासायची रीत साधी होती. काचेच्या चपट्या बशीत एक प्रकारची खळ गोठवलेली असे. ती बशी खोलीत अर्धा तास उघडी ठेवायची, मग झाकण लावायचं. तेवढ्या वेळात हवेतली धूळ तिच्यावर पडते आणि धुळीच्या कणांवर बसलेले जंतूही पडतात. बशी दोन दिवस उबेत ठेवली की प्रत्येक जंतूच्या जागी एक ठिपका उगवतो. ठिपके मोजायचे आणि नोंदवहीत आकडा लिहायचा. जास्त आला तरी लिहायचा. कमी आला तरी लिहायचा. शास्त्राची पदवी घेऊन मी बशा मांडते याचं माझ्या वडिलांना थोडं वाईट वाटे, पण मला ते काम आवडत होतं. त्यात मत विचारत नसत.

तुमच्या आईचा जन्म पुण्याच्या इस्पितळात झाला, ऐन थंडीत. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. म्हणून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. चाकणच्या पलीकडे त्यांचं गाव, घरची कांद्याची शेती. त्या एसटीने आल्या, आणि बसच्या टपावरून त्यांची सुंभाची बाज आली, दोन शेगड्या आल्या, कोळशाचं पोतं आलं आणि ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या साली, कडुनिंबाचा पाला यांची एकेक पुरचुंडी आली. त्या सव्वा महिना राहणार होत्या.

पहिल्या सकाळी त्यांनी खोली तयार केली. खोली दहा फूट बाय बारा फूट. खिडक्या दोन, त्या लावून घेतल्या आणि फटींमध्ये चिंध्या कोंबल्या. छताजवळ सिमेंटच्या जाळीचा एक झरोका होता. त्यात जुन्या लुगड्याचे बोळे घातले. दाराच्या किल्लीच्या भोकात कापूस घातला. मग बाजेखाली एक शेगडी ठेवली.

"आत्याबाई, झरोका तरी राहू द्या," मी म्हटलं.

"कशाला? चिमन्यांना बाळ बघायचंय?"

"हवा नको का खेळायला?"

"बाळंतिनीच्या खोलीत हवा खेळत न्हाई. ती खेळली की बाळंतीन लोळती."

जेवताना तुमच्या आजोबांनी प्रयत्न केला. ते आईशी बोलताना गावाकडचं बोलत.

"आई, कांद्याच्या बराखीला तू तुराट्यांच्या भिंती करतीस. चारी बाजूंनी वारा लागला न्हाई तर कांदा सडतो, म्हनतीस."

"व्हय. मंग?"

"मंग मानसाचं काय?"

"कांदा बाळंत झालाय का?"

आजोबांनी भाकरी संपवली आणि ते शिफ्टला गेले.

दिवसातून दोनदा धुरी असे. सकाळी माझ्या आणि बाळाच्या अंघोळीनंतर, आणि दिवेलागणीला. निखाऱ्यावर त्या पुरचुंड्यांतलं सगळं थोडंथोडं टाकायचं आणि धूर खोलीभर होऊ द्यायचा. तो बाहेर जायला जागा नसल्याने राहात असे. खोलीत त्याचा एक थर तयार झाला होता. उभं राहिलं की डोकं त्यात जाई. बाजेवर निजलं की जरा बरं वाटे. बाळाचा पाळणा माझ्या छातीच्या उंचीवर टांगलेला होता. माझं डोकं दुखत असे, पण बाळंतिणीचं काही ना काही दुखतंच, असं सगळे म्हणत होते आणि मीही ते धरून चालले होते.

तरी मला खोली उघडायची होती, आणि मला वाटलं, माझ्याकडे उपाय आहे. मी आमच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, फार कमी बोलणारे गृहस्थ. बंद खोलीतली हवा आणि बाहेरची हवा यांची तुलना करायची आहे, दोन बशा मिळाव्यात, असं मी लिहिलं. त्यांनी माझ्याच चिठ्ठीखाली उत्तर लिहिलं : 'एकाच वेळी उघडा. एकाच वेळी झाका.' बशा आजोबांच्या डब्याच्या खालच्या दोन पुडांमधून आल्या. त्या दिवशी त्यांनी वरच्याच पुडातलं जेवण नेलं होतं.

एक बशी मी बाजेशेजारी स्टुलावर ठेवली. दुसरी मागच्या ओट्यावर, उघड्या हवेत. आत्याबाई जवळ येऊन बसल्या.

"ह्यात काय शिजतंय?"

"काही नाही. हवेतली धूळ पडते त्यात. धुळीवर जे जिवंत असतं ते दोन दिवसांनी दिसतं."

"अन ते दिसल्यावर?"

"कुठली हवा वाईट ते कळतं."

"मंग आज धुरी देऊ का नको?"

त्यांनी हे अगदी सरळ मनाने विचारलं होतं. मी म्हटलं, रोज करता तसंच करा. त्यांनी तसंच केलं. गजराच्या घड्याळावर अर्धा तास झाल्यावर मी आतल्या बशीला झाकण लावलं आणि त्यांनी बाहेरच्या. तेवढ्यात मागच्या बाजूला, जिथे क्वार्टर्सची नवी ओळ बांधत होते, बैलगाड्यांतून विटा उतरवणं चालू होतं. मला ते ऐकू येत होतं. त्याचा अर्थ मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

बशा डब्यातूनच प्रयोगशाळेत परत गेल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांची चिठ्ठी आली. खोली : अकरा. ओटा : मोजता येत नाहीत. खाली त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"काय म्हनत्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

मी खोटं सांगू शकले असते. चिठ्ठी इंग्रजीत होती. पण ज्या आकड्यावर मी त्यांना गप्प करणार होते, तो आकडा उलटा आला म्हणून लपवायचा, हे मला जमलं नाही. मी वाचून दाखवलं.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी आत अकरा, अन भाईर मोजताच येईना."

"हो."

"कारखान्याचं म्हननं हाय हे?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भाकऱ्या थापायला गेल्या. त्यांनी मला एका शब्दाने टोमणा मारला नाही. शेजारणीला मात्र सांगितलं. शेजारच्या वहिनी मराठवाड्याकडच्या, त्यांना तीन मुलं. आत्याबाईंनी त्यांना ओट्यावरून ऐकवलं, "कारखान्यानं तपासलंय बाय, आमच्या खोलीत नुस्ते अकरा." दोन दिवसांत आमच्या ओळीतले आणखी दोन झरोके चिंध्यांनी बुजले.

आणि मी गप्प पडून राहिले. हे तुम्हाला नीट कळावं म्हणून लिहिते : मला कुणी दाबून ठेवलं नव्हतं. मला बशीने सांगितलं होतं की बंद खोली चांगली, म्हणून मी बंद खोलीत निजले. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी मी स्वतःला सांगत होते की हवा स्वच्छ आहे.

बारशाच्या सुमाराला बाळाचा श्वास वाजायला लागला. आधी झोपेत, मग जागेपणीही. दूध पिताना बाळाला तोंडाने श्वास घेता येत नाही, तो नाकानेच घ्यावा लागतो. ती चार घोट घ्यायची, सोडायची, तोंड उघडून श्वास घ्यायची आणि रडायची. पुन्हा चार घोट. पुढे दोन. मी तिची ओली दुपटी मोजत असे, कारण मला दुसरं काही मोजायला नव्हतं. आधी दिवसाला बारा-तेरा पडत. मग आठ झाली. मग पाच.

"गारठा बसलाय छातीत," वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या. "शेक वाढवा की हो. आमच्याकडं दोन शेगड्या ठिवतेत."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरोखर विचारत होत्या. मी मानेनेच हो म्हटलं. अकरा हा आकडा माझाच होता. दुसरी शेगडी पाळण्याखाली आली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीनच दुपटी पडली. बाळ रडायचंही कमी झालं होतं. घरात सगळे म्हणाले, बघा, शेकाने शांत झाली. मला ते शांत होणं आवडलं नाही, पण का आवडत नाही हे सांगता येईना.

आजोबा पहिल्या शिफ्टला गेलेले. आत्याबाईंनी बाळाला पायांवर घेतलं आणि नाकात खोबरेल तेलाचा थेंब सोडला. एरवी त्या मग पदराच्या टोकाने टिपून घेत. पण आज नाक इतकं चोंदलं होतं की तेल आत जाईना. त्या देवापुढच्या डब्यातून थोडा कापूस घेऊन आल्या, चिमटीत वळून त्याची बारीक वात केली आणि तिच्या नाकपुडीत अलगद फिरवली. खोलीत उजेड असा नव्हताच. बाळ शिंकलं, तशी त्या तिला घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेल्या, तोंड नीट दिसावं म्हणून. तिथून त्यांचा आवाज येईना. मी उठून गेले.

त्या वातीकडे पाहात होत्या. वात काळी होती. विझलेल्या समईतली असते तशी.

त्यांनी दुसरी वात वळली आणि दुसऱ्या नाकपुडीतून फिरवली. तीही काळी. मग बाळ माझ्याकडे दिलं, तिसरी वळली आणि स्वतःच्या नाकात घातली. मग चौथी माझ्या हातात ठेवली. "घाल."

चार वाती त्यांनी पितळी ताटलीत ओळीने मांडल्या. बाळाच्या दोन सगळ्यांत लहान होत्या आणि सगळ्यांत काळ्या.

"हे तुझ्या बशीत आलं व्हतं का?"

"नाही."

"का न्हाई?"

"बशीत जे उगवतं तेवढंच दिसतं. धूर उगवत नाही."

"अन ते कधी कळलं तुला?"

"आत्ता."

आत्याबाईंनी चुलीशेजारचा चिमटा उचलला. त्या आत गेल्या, चिमट्याने धरून पहिली शेगडी बाहेर आणली, मग दुसरी, आणि दोन्हींवर अंगणात राख ओतली. परत येऊन बाळाला माझ्या हातांतून घेतलं आणि दाराशीच बसून राहिल्या, उन्हात, मांडीवर लुगड्याचा पदर पसरून. मी तिथेच जमिनीवर बसले. तासाभराने माझं डोकं दुखायचं थांबलं. ते किती दिवस दुखत होतं ते थांबल्यावर समजलं.

साडेतीनला आजोबा आले. त्यांना ताटली दाखवली. ते स्टुलावर चढले आणि झरोक्यातले बोळे ओढून काढले. बोळ्यांच्या आतल्या बाजूला काजळी होती.

"झरोका उघडा राहू दे," आत्याबाई खालून म्हणाल्या. "पन बाळंतिनीला वारा लागता कामा न्हाई. त्यो कसा लागत न्हाई ते मला दाखव."

हे आजोबांच्या कामातलं होतं. त्यांनी एक उदबत्ती पेटवली. कारखान्यात ते असंच करत, धुराची रेघ कुठे जाते ते पाहात. दार थोडं उघडून उदबत्ती खाली जमिनीशी धरली. रेघ आत वाकली, जमिनीवरून थेट बाजेकडे गेली आणि बाजेवरून चढून झरोक्यातून बाहेर पडली.

"गरम हवा वर जाती अन झरोक्यातनं निघती," आजोबा म्हणाले. "तिच्या जागी दारातनं गार हवा येती."

"ती माज्या सुनंच्या अंगावरनं येती," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी उदबत्ती हातात घेतली आणि खोलीभर फिरल्या, वाकून, कोपऱ्याकोपऱ्यात. एका ठिकाणी रेघ सरळ उभी राहिली. झरोक्याच्याच भिंतीला, पण बाजूच्या कोपऱ्यात. "हितं ठिवा बाज." बाज तिथे गेली. पाळण्याची दोरी सोडली आणि बाळ माझ्याजवळ, खाली आलं. दाराजवळच्या खिडकीची एक फळी उघडली आणि तिच्यावर त्यांनी ओलं मलमल बांधलं, बाहेरच्या विटांच्या धुळीसाठी. आजोबा म्हणाले, ही गाळणीच झाली. आत्याबाई म्हणाल्या, कपड्याला काय म्हणायचं ते तुम्ही बघा, सुकलं की भिजवायचं तेवढं लक्षात ठेवा. शेकासाठी विटा चुलीवर तापवून, गोणपाटात गुंडाळून बाजेखाली ठेवायचं ठरलं. धुरी बंद झाली नाही. ती अंगणात झाली, आणि कपडे तिच्यावर धरून आत आणले गेले. हे आत्याबाईंनी ठरवलं आणि त्यावर मी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकी माझी पत उरली नव्हती.

साहेबांना मी खरं ते कळवलं. बशीने धूर मोजला जात नाही हे ध्यानात न घेता मी निष्कर्ष काढला, असं लिहिलं, आणि पुरावा म्हणून पाकिटात एक वात घातली. त्यांचं उत्तर आलं : 'हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं. नोंदवहीत वातीसाठी रकाना नाही.' आपल्याला, असं त्यांनी लिहिलं होतं. ते त्यांच्याकडून पुष्कळ होतं. ओळीतले दोन झरोकेही उघडले. ते उघडायला मी स्वतः सांगून पाहिलं, तर वहिनी म्हणाल्या की कारखान्याचं म्हणणं काय आहे ते आधी कळू दे. मग आत्याबाई ताटली घेऊन गेल्या.

बाळ लगेच बरं झालं नाही. त्या दिवशी सांजेला तिने चमच्याने थोडं काढलेलं दूध घेतलं. दुसऱ्या दिवशी चार दुपटी पडली. त्यानंतर सहा. सकाळच्या वाती आत्याबाई वळत आणि मागच्या दारात उजेडात धरून बघत. वात आधी काळी होती, मग राखी आली, मग मळकट. मला दाखवायच्या आणि टाकून द्यायच्या. मी लिहून ठेवते का, असं एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

पाचव्या दुपारी मी तिला पाजायला घेतलं. गजराचं घड्याळ समोर होतं. तिने तोंड लावलं आणि सोडलं नाही. एक मिनिट झालं, तीन झाली. आत्याबाई हातातलं निवडणं खाली ठेवून जवळ आल्या. बारा मिनिटांनी ती आपणहून सुटली आणि झोपली, तोंड मिटून.

आत्याबाईंनी तिच्या नाकाखाली आडवं बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाल्या, "दोन्हींतनं येतोय," आणि पुन्हा डाळ निवडायला बसल्या.